नाकाच्या ऑपरेशननंतर कातडी कशी सांभाळायची : इंदूरकरांसाठी टप्प्याटप्प्याने

नाकाच्या कॉस्मेटिक ऑपरेशनची, म्हणजे ऱ्हायनोप्लास्टीची, चौकशी करायला येणारे विचारतात ते हाडाबद्दल. कुबड जाईल का, शेंडा किती उचलणार, नाकपुड्या बारीक होतील का. कातडीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ऑपरेशन झाल्यावर मात्र जे फोन येतात ते सगळे कातडीचेच : लाल झालीय, काळपट दिसतेय, खाजतेय, पुळ्या आल्यात, शेंडा बधिर आहे. इंदुरातल्या ड्रेसिंग-रूममध्ये नाकावरच्या पट्ट्या सोडवण्यात बरीच वर्षं गेली. त्यावरून माझं मत असं की सर्जन आतला सांगाडा बदलतो, पण नाक कसं दिसणार यात शेवटचा शब्द कातडीचा असतो. आणि काही बिघडलं तर ती बहुतेक वेळा आधी खुणाही देते. त्या खुणा ओळखता याव्यात म्हणून हा लेख.

आधी आपली कातडी ओळखा

भुवयांच्या मधे आणि शेंड्यावर नाकाची कातडी जाड असते. मधे, जिथे हाड संपून कूर्चा (मऊ, लवचीक हाड) सुरू होते, तिथे ती सगळ्यात पातळ. सकाळी धुतलेलं नाक दुपारपर्यंत तेलाने चमकत असेल, शेंड्यावरची रोमछिद्रं उघडी दिसत असतील, तर तुमची कातडी जाड. अशा नाकाची सूज महिनोन्‌महिने रेंगाळते, पुळ्या येतात, आत केलेलं बारीक काम लवकर उठून दिसत नाही. पातळ कातडीचं उलटं : सूज लवकर उतरते, पण आतला प्रत्येक उंचवटा, कूर्चेची प्रत्येक कड वरून कळते आणि लालीही जास्त दिवस टिकते. आपल्या भागात पहिल्या प्रकारची नाकं बरीच, म्हणून धीर जास्त लागतो.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. शेंड्याला रक्त येतं ते मुख्यतः दोन्ही बाजूंनी, नाकपुडीच्या घडीच्या जरा वरून जाणाऱ्या वाहिन्यांतून. काही वाहिन्या दोन नाकपुड्यांमधल्या दांडीतूनही येतात. ‘ओपन’ पद्धतीत दांडीवर छेद घेतात, तेव्हा ही वाट बंद होते आणि सगळी भिस्त बाजूच्या वाहिन्यांवर पडते. त्यात शेंड्याची चरबी फार खरवडली, नाकपुड्याही बऱ्याच कापल्या, पट्टी आवळून बसली आणि पेशंट सिगारेट ओढणारा असला, तर शेंड्याची कातडी उपाशी राहते.

हे गणित आपल्याकडे फार जुनं आहे. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्यातल्या एका ऑपरेशनची हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं होतं. ती कातडी जगली, कारण दोन डोळ्यांमधली एक बारीक पट्टी कापायची नाही, तिच्यातून रक्त खेळत राहू द्यायचं, हे त्या वैद्याला ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या आधी

तंबाखू निदान चार आठवडे आधी बंद आणि नंतर चार आठवडे बंदच. तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नाही. गुटखा, मळलेली तंबाखू, मशेरी, आजोबांची तपकीर, हल्लीचं वेप, सगळं त्यात आलं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि नाकाच्या शेंड्याला मिळतं ते रक्त याच बारीक वाहिन्यांतून. “दिवसाला दोनच” असं सर्जनला सांगून घरी सहा ओढणाऱ्यांनी ऑपरेशन पुढे ढकलावं, हे मी तोंडावर सांगते.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांनी रक्तस्राव वाढू शकतो. जे जे घेता त्याची यादी सर्जनच्या हातात द्या, काय कधी बंद करायचं ते तो सांगेल. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. त्यासाठी हृदयाच्या डॉक्टरांचा शब्द हवा.

चिकटपट्टीने पूर्वी कधी पुरळ उठलं होतं का, सोफ्रामायसिन लावल्यावर जखम उलट चिघळली होती का, कुठल्या जखमेचा व्रण फुगून वर आला होता का, हे आठवून सांगा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा नुकतंच बंद केलं असेल, तर तेही. नाकात चमकी असेल तर ऑपरेशनआधी काढावी लागते. कित्येक वर्षं न काढलेल्या चमकीचा फिरकीचा स्क्रू गंजून बसलेला असतो, म्हणून दोन दिवस आधीच सोनाराकडून काढून घ्या. ऑपरेशनच्या टेबलावर ती खटपट नको.

सर्जन कोण? प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. केलेला, किंवा नाकाच्या या कामाचं प्रशिक्षण घेतलेला ईएनटी सर्जन. मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आणि हे एक विचारायचं सहसा राहून जातं : “रात्री दोन वाजता नाक काळंनिळं दिसलं तर फोन कोण उचलणार?”

इंदूरचे बरेच मराठी लोक मावशी-आत्याकडे राहून मुंबई-पुण्याला ऑपरेशन करवून घेतात आणि चौथ्या दिवशी रेल्वे पकडून परत येतात. माझ्या मते हे चूक. स्प्लिंट (नाकावर बसवलेला आधाराचा कडक साचा) आणि टाके निघेपर्यंत तिथेच राहा. नंतर इथे कोण बघेल तेही जाण्याआधीच ठरवून ठेवा. दुसऱ्याच्या पेशंटला हात लावायला डॉक्टर सहसा राजी नसतात. आधी बोलणं झालेलं असेल, ऑपरेशन-नोटची प्रत हातात असेल, तर तेच डॉक्टर नीट बघतात.

पहिले तीन दिवस

सूज आणि डोळ्यांभोवतीचं काळंनिळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. तिसऱ्या दिवशी आरसा बघून रडणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या. चौथ्यापासून उतार लागतो, आणि निळं-हिरवं-पिवळं होत एक-दोन आठवड्यांत डाग जातात.

झोपताना डोकं उंच : दोन-तीन उशा, पाठीवर. गार शेक डोळ्यांवर आणि गालांवर, कापडातून, थोडा थोडा वेळ. नाकावर बर्फ ठेवायचा नाही. तिथली कातडी बधिर असते, गारठून इजा झाली तरी कळत नाही, आणि वजनाने आतली रचना हलू शकते. शिंक आली तर तोंड उघडून. नाक शिंकरणं सर्जन हो म्हणेपर्यंत, साधारण दोन आठवडे, बंद. वाकून काही उचलू नका. खाणं मऊ, कोमट, मीठ बेताचं. सराफा बाजारातला तळलेला गराडू पुढच्या महिन्यातही मिळेल.

या दिवसांत रोज एक काम मात्र चुकवू नका. सकाळी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात चार फोटो काढा : समोरून, दोन्ही बाजूंनी आणि हनुवटी वर करून खालून. सूज रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. फोनवर “जरा लाल आहे” म्हटल्याने सर्जनला काही उमगत नाही, चार दिवसांचे फोटो शेजारी ठेवले की लगेच उमगतं.

कोणती खूण दिसली की सकाळची वाट बघायची नाही

*कातडीचा रंग.* स्प्लिंटच्या बाहेर दिसणारा शेंडा आणि दांडी रोज दोनदा बघा. बोटाने शेंडा अलगद दाबा, सोडा. दाबल्या जागी फिकट पडून दोनेक सेकंदांत मूळ रंग यायला हवा. फिकटपणा तसाच राहिला, शेंडा गार आणि पांढुरका दिसला, तर रक्त पोचत नाहीये. उलट, जांभळट-निळसर दिसून दाबल्यावर रंग झटकन परत आला, तर रक्त आत तुंबतंय. सावळ्या रंगावर हे ओळखणं अवघड जातं, म्हणून तुलना कालच्या फोटोशी करायची. जाळीसारखे जांभळे पट्टे, पाण्याचे फोड, गोळीला न जुमानणारी आणि वाढत जाणारी ठणक ही पुढची पायरी. अशा वेळी पट्टी किंवा स्प्लिंट लगेच सैल करावं लागतं, आणि ते काम सर्जनचं किंवा त्याने सांगितलेल्या माणसाचं. बर्फ तर मुळीच नको, त्याने उरलंसुरलं रक्तही आटतं. कातडी मरणं दुर्मीळ आहे, पण काही तासांत हालचाल झाली तर वाचवायला वाव असतो. दुसऱ्या दिवशी काळी खपली धरल्यावर तो उरत नाही. खपली धरलीच, तर घरी सोलायची नाही. तिच्याखाली भरून येतं आहे की नाही हे बघून ती कधी काढायची ते डॉक्टर ठरवतात.

*आतल्या पडद्यातलं रक्त.* दोन्ही नाकपुड्या एकाएकी पूर्ण बंद, नाकात दाब, वाढती दुखी, कधी ताप. नाकाच्या मधल्या पडद्यावर रक्त साकळलं की कूर्चेचं पोषण तुटतं. तीन-चार दिवसांत ती मरू शकते, पू होतो आणि पुढे नाकाचा कणाच खचतो. बाहेरून कातडी छान दिसत असते आणि आत हे चाललेलं असतं, म्हणून लोक “सर्दी भरलीय” म्हणून बसून राहतात. हे त्याच दिवशी रिकामं करावं लागतं.

*जंतुसंसर्ग.* बहुधा तिसऱ्या दिवसानंतर. लाली पसरत जाते, जागा गरम लागते, दुखते, टाक्यांतून पू येतो, ताप भरतो. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या शिरांचा संबंध कवटीच्या आतल्या शिरांशी असतो, म्हणून इथला संसर्ग अंगावर काढायचा नाही. पापण्या सुजणं, एकाचे दोन दिसणं, असह्य डोकेदुखी असं काही झालं, तर थेट मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा. आपल्याकडे एम.वाय. हॉस्पिटलची रात्रभर उघडी असते, गाडी नसेल तर १०८ची अँब्युलन्स.

*नाकात बोळा असताना* एकदम कडक ताप, उलट्या, अंगभर उन्हाने भाजल्यासारखी लाली, चक्कर. जंतूंच्या विषाने होणारा हा प्रकार क्वचितच होतो, पण जिवावर बेततो. बोळा ताबडतोब काढावा लागतो. आणि नाकातून स्वच्छ पाण्यासारखी धार लागली, तर तेही त्याच वेळी कळवायचं.

सातव्या दिवशी

साधारण सातव्या दिवशी स्प्लिंट निघतं, दांडीवरचे टाकेही त्याच सुमारास. पट्टी मी कधी ओढत नाही. कोमट पाण्याने नाहीतर तेलाने भिजवायची, गोंद सुटेपर्यंत थांबायचं, एका हाताने नाकाची कातडी धरून दुसऱ्या हाताने हळूहळू सोलायची. घाईने ओढली की खाली सुटलेली कातडी उचलली जाते आणि मधे पुन्हा रक्त साकळतं.

खालून जे निघतं ते बघून आया हमखास दचकतात.

“सिस्टर, हे काय हो, नाक की भजं?”

“काकू, सूज आहे ती. आठवडाभर कोंडलेलं नाक आहे, दोन दिवस वारा लागू द्या त्याला.”

कोंडलेल्या नाकावर तेल, मृत कातडी आणि काळे ठिपके साचलेले असतात. सौम्य फेसवॉशने, बोटांच्या पेरांनी, दिवसातून दोनदा धुवा. स्क्रब, ब्लॅकहेड खेचणाऱ्या पट्ट्या, पार्लरमधली सुई हे सगळं निदान दीड-दोन महिने नाही. पुळी फोडायची नाही. दाबाने आतली कूर्चा सरकू शकते, आणि पुळीतले जंतू ताज्या छेदापर्यंत पोचतात.

पट्टीची ॲलर्जी आणि संसर्ग यांत लोकांची गल्लत होते. ॲलर्जीची लाली पट्टीच्या आकाराची असते, तिच्या कडा सरळ रेषेत संपतात, ती खाजते, बारीक पुरळ दिसतं. संसर्गाला असा आकार नसतो. तो दुखतो, गरम लागतो, पसरतो. ॲलर्जीवर उपाय म्हणजे ती पट्टी बंद करणं आणि डॉक्टर देतील ते सौम्य मलम. छेदावर लावायच्या मलमानेच पुरळ उठत असेल, तर त्यातल्या औषधाची ॲलर्जी असू शकते. सोफ्रामायसिनमधलं फ्रामायसेटिन आणि निओमायसिन ही एकाच घरातली औषधं, म्हणून एकाची ॲलर्जी असली की दुसरंही सोसत नाही. मग मलम ‘जास्त’ लावून उपयोग नाही, ते थांबवायला हवं.

घरचे उपाय आणि इंदूरची हवा

नाक बंद झालं की आपल्या घरात पहिलं पातेलं वाफेचं चढतं. इथे वाफ नको. गरमीने सूज चढते, रक्त येऊ शकतं, आणि बधिर शेंडा भाजला तरी कळत नाही. हेअर ड्रायरचंही तेच. नाकात तूप किंवा तेल सोडणं, जलनेती, तपकीर हे सर्जनच्या परवानगीशिवाय नाही. आतल्या चिरा भरलेल्या नसताना तेलकट पदार्थ कातडीखाली शिरला, तर शरीर त्याभोवती कडक गाठ धरतं, आणि ती काही आठवड्यांनी नाकाच्या बाजूला किंवा डोळ्याखाली दिसू लागते. डॉक्टरने दिलेलं सलाइनचं पाणी किंवा फवारा पुरतो. दांडीवर हळद, चंदन, लिंबू काही लावू नका.

ऊन हा इथला मोठा शत्रू. एप्रिल-मेच्या उन्हात काळंनिळं असताना फिरलात, तर डोळ्यांखालचा डाग महिनोन्‌महिने तपकिरी होऊन बसतो. छेद बंद झाला की एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन, ओढणी, टोपी. सूज उतरायला थंडीचे दिवस सोयीचे. रंगपंचमीच्या आसपासची तारीख तर घेऊच नका. राजवाड्यावरच्या गेरच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या, गर्दीत तोफेतून उडणारं पाणी, गुलाल आणि कुणाचं तरी कोपर, तिन्ही गोष्टी ताज्या नाकाला नकोत.

चष्म्याबद्दल आधीच विचारा. हाड कापलेलं असेल तर साधारण चार ते सहा आठवडे तो नाकावर टेकवायचा नसतो, कपाळाला टेपने टांगतात. इथे जो तो स्कूटरवर, आणि तोंडझाक हेल्मेट घालता-काढताना नाकावरूनच घासत जातं. त्यापेक्षा महिनाभर ऑटोने जा.

दुसऱ्या महिन्यापासून पुढे

निम्म्याहून जास्त सूज पहिल्या महिना-दोन महिन्यांत जाते, उरलेली अगदी चिवट. खरा आकार वर्षाने, जाड कातडीला दीड वर्षाने. सकाळी, मीठ जास्त झाल्यावर, व्यायामानंतर नाक फुगलेलं वाटतं, ते चालायचंच. शेंड्याचा बधिरपणा काही आठवडे ते काही महिने राहतो.

शेंड्याच्या जरा वर फुगवटा येऊन नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार दिसतं, त्याला सर्जन ‘पॉलीबीक’ म्हणतात. त्याची मुख्य कारणं दोन. एकतर तिथली कूर्चा कमी कापली गेली, किंवा कातडी आणि नव्या सांगाड्यामधल्या पोकळीत व्रणाचं मांस भरलं. पहिल्याला पुढे ऑपरेशनच लागतं. दुसऱ्याला सुरुवातीला रात्री टेप लावणं आणि ट्रायम्सिनोलोन या स्टेरॉइडची थोड्या प्रमाणातली इंजेक्शनं, काही आठवड्यांच्या अंतराने, उपयोगी पडतात. ही इंजेक्शनं खोल द्यायची असतात. उथळ किंवा वारंवार दिली, तर कातडी खचते, पांढरा डाग पडतो, लाल केशवाहिन्या दिसू लागतात. म्हणून ती मूळ सर्जनकडूनच. “इंजेक्शन कुणीही देईल” हे नाकाच्या बाबतीत खरं नाही.

लाल बारीक रेषा आपोआपही येतात, विशेषतः पातळ कातडीवर आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन झालेल्या नाकावर. टिकल्या तर लेझरने कमी करता येतात, पण सावळ्या कातडीवर लेझर जपून, अनुभवी हातांनीच. दांडीवरचा व्रण पहिल्या महिन्यांत गुलाबी-कडक असतो. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉन जेल चालतं.

सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं असेल, तर कातडीकडे कायमचं लक्ष ठेवा. एखादी जागा पातळ, चकचकीत, लाल होत गेली, आतला पदार्थ दिसल्यासारखा वाटला, तर वर्षांनंतरही ते कातडी फोडून बाहेर येऊ शकतं. फुटण्याआधी काढणं सोपं. काही आठवड्यांनी उठलेली, साध्या अँटिबायोटिकला न जुमानणारी गाठ असेल, तर तिसरं अँटिबायोटिक बदलण्याआधी तिच्यातला पू किंवा तुकडा तपासणीला पाठवायला सांगा.

नथ, लग्न, फिलर आणि दुसरं ऑपरेशन

लग्न ठरलंय म्हणून नाक, हा क्रम मला पटत नाही, पण करायचंच तर मुहूर्ताच्या निदान सहा महिने आधी, वर्ष मिळालं तर उत्तम. दाबाची नथ निरुपद्रवी वाटते, पण ती नाकपुडीची कड चिमटीत धरते. कड बधिर असेल तर ती किती रुतते आहे हे नवरीला कळतच नाही, आणि चार तासांच्या लग्नानंतर तिथे काळा वळ उठलेला असतो. संवेदना परत आली का, हे आधी बघा. सर्जनने हो म्हटलं तर हलकी नथ, विधीपुरती, आणि मधे मधे काढून. चमकीचं नवं भोक कित्येक महिने नाही, आणि कुठे टोचायचं ते व्रण बघून ठरवायचं.

नाक थोडं वाकडं दिसतं म्हणून पार्लरमध्ये किंवा ओळखीच्या ‘एस्थेटिक’ दुकानात फिलर, म्हणजे कातडीखाली भरायचं इंजेक्शन, टोचून घेणं हा अलीकडचा घातक प्रकार. नाकाच्या धमन्या डोळ्याच्या धमन्यांना जोडलेल्या असतात. फिलर चुकून धमनीत गेलं तर कातडी मरते, दृष्टीही जाऊ शकते. ऑपरेशन झालेल्या नाकात वाहिन्यांच्या वाटा बदललेल्या असतात, म्हणून धोका आणखी जास्त. टोचताना एकदम कळ आली, कातडी पांढरी पडली किंवा डोळ्यापुढे अंधार आला, तर सेकंदसुद्धा न दवडता ओरडून थांबवा. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज तिथे तयार नसेल, तर त्या खुर्चीवर बसूच नका.

दुसऱ्या ऑपरेशनची घाई साधारण वर्षभर करायची नसते. व्रण मऊ पडल्याशिवाय कातडी पुन्हा उचलली की तिचं रक्त आणखी तुटतं. दुसऱ्या सर्जनकडे जाताना पहिल्या ऑपरेशनची नोट, कूर्चा कुठून घेतली होती (पडदा, कान की बरगडी) त्याची नोंद, मधे दिलेल्या इंजेक्शनांची नावं आणि तारखा, आणि खिडकीपाशी काढलेले ते सगळे फोटो तारखेप्रमाणे लावून घेऊन जा. मधल्या काळात फिलर घेतलं असेल तर तेही सांगा, लाज वाटली तरी. आत काय आहे हे सर्जनला कातडी उचलल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.